संपमधून टाकीत बारीक बुडबुडे येतात, पंप बदलू का?

टिळकवाडीकर: नमस्कार मंडळी. माशांची गोड्या पाण्याची टाकी आहे, ४ × १.५ × १.५ फूट. संप, म्हणजे पाणी गाळून पंपानं परत वर पाठवणारी कप्प्यांची टाकी, खालच्या कपाटात आहे (दारातल्या पाण्याच्या संपबद्दल विचारत नाही). पाणी परत वर आणणाऱ्या रिटर्न पाइपमधून बारीक बुडबुडे येऊन पाणी दुधासारखं दिसतं. नवीन पाणी घातलं की दोन दिवस बरं असतं, मग परत सुरू. संपच्या कप्प्यांमधल्या काचांच्या फटीत जाड स्पंज बसवला, तर आणखीच वाढले. दुकानदार म्हणतो पंप बदला. माशांना त्रास होईल का ओ?

निपाणीकर काका: पंप बदलू नका. पाणी घातल्यावर दोन दिवस बरं असतं म्हणता, त्यातच उत्तर आलं. उन्हानं पाणी आटतं, पण वरची टाकी आणि संपचे पहिले कप्पे काठापर्यंत भरलेलेच दिसतात. सगळी घट पंपाच्या कप्प्यात येते. तिथं पातळी उतरली की पंपाच्या तोंडाशी भोवरा पडतो, हवा आत ओढली जाते आणि पंखा तिचा भुगा करतो. स्पंज आजच काढा. तो तुंबला की पाणी अलीकडे अडतं आणि पंपाचा कप्पा आणखी रिकामा होतो. माझ्याकडेही अगदी हेच झालं होतं, आठवडाभर मी पंपच खोलून धूत बसलो होतो. आता कप्प्यावर स्केचपेननं रेघ मारलीय, एप्रिल-मेमध्ये रोज रेघेपर्यंत पाणी घालतो. माशांची काळजी नको, दिसायला वाईट एवढंच.

खानापूरची ताई: काकांचं बरोबर आहे, पण एकदा वरून संपमध्ये येणारा पाइपही बघा की. तो पाण्यावर धबाधबा पडत असेल तर हवा तिथूनच मिसळते. टोक इंचभर बुडवा. फार खोल नेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि रात्रभर गडगड ऐकावी लागते. काचांमधली फट किती आहे? पाणी पहिल्या काचेवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जायला हवं, फट इंच-दीड इंच. अरुंद फटीत पाणी जोरात पळतं आणि बुडबुड्यांनाही ओढून नेतं.

टिळकवाडीकर: स्पंज काढला, पातळी चार बोटं वाढवली. तासाभरात पाणी स्वच्छ! अजून थोडे येतात. वरचा पाइप खरंच दोन इंच अधांतरी आहे, रविवारी जोड लावतो.

निपाणीकर काका: छान झालं. रेघ मारण्याआधी पंप एकदा बंद करा. लाईट गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, ते मावायला हवं. मावलं नाही तर रेघ खाली घ्या. रिटर्न पाइपला पंप बंद झाल्यावर पाणी उलटं खाली ओढलं जाणं थांबवणारं भोक असेल तर तेही बघा, ते पाण्यावर आलं तर पाणी उडून तिथूनही बुडबुडे होतात.