स्टीव्ह ब्लूमर: गोलांचे आकडे नेमके किती, आणि प्रशिक्षक व्हायला तो परदेशी का गेला?

पेनल्टीबॉक्स
डर्बी कौंटी या इंग्लिश क्लबचा फुटबॉलपटू स्टीव्ह ब्लूमर (१८७४–१९३८) याच्याबद्दल तीन शंका आहेत.
त्याचे गोल कुठे ३१४ दिलेत, कुठे ३३२, कुठे ३५२. कोणता आकडा कशाचा?
सगळे त्याला स्ट्रायकर (सर्वांत पुढचा, गोल करणारा खेळाडू) म्हणतात, पण जुन्या संघयाद्यांत तो ‘इनसाइड राइट’ दिसतो. हे कसं?
आणि एवढा मोठा खेळाडू निवृत्तीनंतर बर्लिनला का गेला? इंग्लंडमध्ये त्याला संघ मिळाला नाही का?

जुनीस्कोअरशीट
तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजमाप वेगवेगळं आहे.

३५२ म्हणजे इंग्लिश लीगमधले एकूण गोल, डर्बी आणि मिडल्सबरो या दोन्ही क्लबांकडचे धरून. त्यातले ३१४ पहिल्या डिव्हिजनमधले, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरातले. तो १९१० मध्ये डर्बीत परतला तेव्हा संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. तिथल्या दोन हंगामांतले ३८ वजा केले की ३१४ उरतात. ३३२ हे फक्त डर्बीसाठीचे, त्यात एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतलेही आले. इंग्लंडसाठीचे २३ सामन्यांत २८ गोल यात कुठेच धरलेले नाहीत. पहिल्या दहाही आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने गोल केला, आणि मार्च १८९६ मध्ये वेल्सविरुद्ध एकट्याने पाच.

वेगवेगळ्या याद्यांत एखाद-दुसऱ्या गोलाचा फरक दिसला तर दचकू नका. त्या काळी गोल कोणाच्या नावावर हे वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांवरून ठरायचं. गोलमुखापाशी झटापट झाली की दोन पेपर दोन नावं छापत.

मधलीफळी
दुसऱ्या शंकेबद्दल. तेव्हाची रचना २-३-५, म्हणजे गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक (बचावपटू), तीन मध्यफळीत आणि पाच आघाडीत. पुढच्या पाचांत दोन टोकांना विंगर, मध्ये सेंटर फॉरवर्ड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इनसाइड राइट व इनसाइड लेफ्ट. आजचा स्ट्रायकर सर्वांत पुढे उभा राहतो, ब्लूमर मात्र किंचित मागून चेंडूसोबत घुसायचा. याचं कारण ऑफसाइडच्या नियमात आहे.

१९२५ पर्यंत चेंडू पास होताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू लागत, नाहीतर तो ऑफसाइड, म्हणजे पास बाद. म्हणजे गोलरक्षक आणि दोन्ही फुलबॅक. दोनपैकी एक फुलबॅक चार पावलं पुढे सरकला की पुढे उभा असलेला माणूस आपोआप ऑफसाइड. भर म्हणजे १९०७ पर्यंत स्वतःच्या अर्ध्या भागातही ऑफसाइड लागायचा. अशा वेळी पुढे थांबून पासची वाट बघणं म्हणजे शिट्टीला आमंत्रण. मागून धाव घ्यायची आणि पास निघण्याच्या क्षणी चेंडूच्या मागे असायचं, हाच खात्रीचा मार्ग होता.

हा नियम किती जाचक होता ते बघा. १९२५ मध्ये तीनाचे दोन झाले आणि पहिल्या डिव्हिजनमधले एका हंगामातले गोल ११९२ वरून थेट १७०३ वर गेले. एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीनने १९३६ मध्ये ब्लूमरचा ३५२ लीग गोलांचा विक्रम मोडला तो या नव्या नियमाखाली. डीन महान होताच, पण दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हा फरक आधी सांगितला पाहिजे. जुन्या नियमात पाच वेळा हंगामातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरणं मला जास्त अवघड वाटतं.

पेनल्टीबॉक्स
हे लक्षात आलं. फटक्यात काही खास होतं का?

मधलीफळी
दोन्ही पायांनी, जमिनीलगत आणि अचानक. चेंडू थांबवून, नीट लावून मारत बसायचा नाही. गोलरक्षक पाय रोवायच्या आत फटका निघालेला असे. चामड्याचा, नाडी बांधलेला चेंडू कोरडा असताना १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. पावसात तो पाणी पिऊन जड व्हायचा, त्यामुळे उंच मारलेला चेंडू लवकर मरायचा. शिवाय चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देणं नियमात बसत होतं. म्हणून गोलरक्षक बरेचदा चेंडू न पकडता ठोसा मारून परतवत, आणि परत आलेला चेंडू मागून धावत येणाऱ्याच्या पायात पडे.

सीमेपलीकडे
प्रशिक्षकपदाबद्दल: इंग्लंडमध्ये तेव्हा आजच्या अर्थाने प्रशिक्षक जवळजवळ नव्हतेच. संघ संचालक मंडळ निवडे, ट्रेनर धावणं आणि मालिश बघे. चेंडूचं तंत्र शिकवायला पगारी माणूस हवा, असं बहुतेक क्लबांना वाटतच नव्हतं. १९०१ पासून खेळाडूचा कमाल पगार आठवड्याला ४ पौंड, त्यामुळे गाठीशी पैसाही फारसा नसे. युरोपातल्या क्लबांना मात्र नेमकं हेच ज्ञान हवं होतं.

ब्लूमर जुलै १९१४ मध्ये ब्रिटानिया बर्लिनला शिकवायला गेला. काही आठवड्यांत महायुद्ध पेटलं. नोव्हेंबरपासून जर्मनीतल्या ब्रिटिश पुरुषांना शहराबाहेरच्या रूलेबेन रेसकोर्सवर डांबलं गेलं. मुक्काम तबेल्यांत, घोड्याच्या एका खणात सहा माणसं. १९१५ च्या वसंतात रेसकोर्सच्या मधली जागा खेळायला मिळाली आणि कैद्यांनी रीतसर लीग सुरू केली. फ्रेड पेंटलंड आणि जॉन कॅमेरॉनसारखे आंतरराष्ट्रीय खेळाडूही तिथेच होते.

स्पेनमध्ये तो १९२३ ला गेला, फ्रान्सच्या सीमेवरच्या इरुन गावातल्या रेआल उनिओनकडे. स्पेनमध्ये तेव्हा राष्ट्रीय लीग नव्हती (ती १९२९ ची). प्रादेशिक विजेत्यांमधली कोपा देल रे हीच सर्वोच्च स्पर्धा. ४ मे १९२४ ला सान सेबास्तियानच्या अटोचा मैदानावर अंतिम सामन्यात रेआल उनिओनने रेआल माद्रिदला १-० ने हरवलं. संघात रेने पेतीसारखा मध्यफळीतला खेळाडू होता, हे खरं. तरी ब्लूमरला या विजयाचं श्रेय फार कमी दिलं जातं.

जुनीस्कोअरशीट
एक भर. रूलेबेन आणि इरुन यांच्यामध्ये आम्सटरडॅमही येतं. १९१८ मध्ये ब्लूमरला नेदरलँड्सला जाऊ दिलं आणि तिथे त्याने ब्लाऊ-विट क्लबला शिकवलं. आणि त्या १९२४ च्या कपाचं मोल कळायचं तर त्याचं खेळाडू म्हणून नशीब बघा: डर्बी १८९८ चा एफए कप अंतिम सामना नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ३-१ हरली (डर्बीचा गोल ब्लूमरचाच), १८९९ चा शेफील्ड युनायटेडकडून ४-१, आणि १९०३ चा बरी क्लबकडून ६-० हरली तेव्हा तो दुखापतीने बाहेर होता.