बी.एड. एक वर्षाचं की दोन वर्षांचं? वाद भलत्याच जागी चाललाय

पाठटाचण (धागाकर्ता)
शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, एनसीटीईने, फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला. त्यात एक वर्षाचं बी.एड. परत आणायची तरतूद आहे आणि तेव्हापासून जिथे बघावं तिथे एकच वाद: एक वर्ष पुरे की दोन हवीत. माझं म्हणणं, वर्षं मोजणं सोडा. मास्तर होऊ घातलेल्याला स्वतःचा विषय येतो का, हे कुणी तपासतं का ते आधी बघा.

नववी-दहावीचा शिक्षक महाराष्ट्रात कसा तयार होतो? पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला सवलत. मग बी.एड.ची प्रवेश परीक्षा, सीईटी: १०० प्रश्न, ९० मिनिटं. बुद्धिमापन ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. विषयाला शून्य. मग दोन वर्षं बी.एड. पुढे पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरून नोकरी हवी तर टेट, म्हणजे भरतीची चाचणी: २०० प्रश्न, त्यात अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. इथेही विषयाला शून्य. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, वेगळी आहे, पण ती पहिली ते आठवीसाठी. म्हणजे बी.एस्सी.चा शेवटचा पेपर लिहून झाला की त्यानंतर बाहेरचं कुणीही या माणसाला विज्ञान विचारत नाही. थेट नववीचा वर्ग विचारतो.

उपाय सरळ आहे. सीईटीतच ६० गुणांचा विषयपेपर घाला, निवडलेल्या दोन अध्यापन पद्धतींचे (म्हणजे शिकवायच्या दोन विषयांचे) ३०-३०. अभ्यासक्रम: बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तकं, त्याबाहेरचा एकही प्रश्न नाही. ६० टक्के मिळाले तरच प्रवेश.

तिरका खडू
सीईटी आणि टेटबद्दल मान्य. उपायाबद्दल अजिबात नाही.

विषय येणं आणि विषय शिकवता येणं यांत फरक आहे, हे बी.एड.वाल्यांना सांगायला नको. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारे कितीतरी जण वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि मागच्या तीन बाकांवर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. ६० गुणांचा पेपर लावला की पहिल्याच वर्षी त्याचे क्लास निघतील, गाइडं निघतील. त्यात तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली मुलगी गळेल आणि शहरातला क्लासवाला आत येईल. आतली पोकळी आहे तशीच राहील.

ती पोकळी छात्रसेवाकालात, म्हणजे बी.एड. करताना शाळेत जाऊन शिकवायच्या काळात आहे. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी २० आठवडे शाळेत जाणं बंधनकारक केलं: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. अभ्यासक्रमाला ८० टक्के हजेरी, छात्रसेवाकालाला ९० टक्के. सहा दिवसांचा आठवडा धरला तर १६ आठवड्यांचे ९६ दिवस होतात आणि त्यांतले जेमतेम ९ चुकवता येतात. कागदावर अट कडक आहे. ती पाळली जाते का, यावर भांडू या.

पाठटाचण
@तिरका खडू, ‘विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं’ हे वाक्य फार सोयीचं आहे. त्याआड विषय न येणारे सुखाने लपतात.

पाठाचंच उदाहरण घ्या. घटक: अपूर्णांकांचा भागाकार. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, सगळे रकाने भरलेले असतात. अध्ययन निष्पत्ती आहे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन, मूल्यमापन, सगळं. पाठात छात्राध्यापक (बी.एड.चा विद्यार्थी) सांगतो: ‘दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.’ तीन उदाहरणं फळ्यावर, दोन मुलांकडून, स्वाध्याय, पाठ संपला. निरीक्षक ‘आवाज स्पष्ट, फलक नीटनेटका, प्रबलन योग्य’ (मुलांना शाबासकी नीट दिली) असं लिहून सही करतो. एखाद्या मुलीने ‘उलटा का करायचा?’ म्हणून विचारलं तर उत्तर काय? ‘तो नियम आहे.’

आता ज्याला आशय कळलाय तो काय करेल? पाऊण भाकरी आहे, प्रत्येकाला भाकरीचा एक अष्टमांश तुकडा द्यायचा, किती जणांना पुरेल? कागदाची पट्टी घडी घालून आठ भाग करायचे, त्यातले सहा रंगवायचे. ३/४ मध्ये १/८ किती वेळा बसतो? ६ वेळा. एका पूर्णात १/८ आठ वेळा बसतो, म्हणून पाऊणमध्ये आठाचा पाऊण, म्हणजे ३/४ × ८. उलटा करणं कुठून आलं ते मुलांनाच दिसतं. ही पट्टी सुचायला कौशल्य लागतं, हो. पण आधी आपल्याला स्वतःला उत्तर माहीत असावं लागतं.

सातवी ब
चर्चा वाचली. पण दोन वर्षं घरी पगार नाही, छात्रसेवाकालात विद्यावेतन नाही, गाडीभाडं पदरचं. वर आणखी एक परीक्षा घाला म्हणता? आधीच कॉलेजात ‘नॉन-अटेंडिंग’ चालतं ते हौसेने नव्हे. लोक दिवसा खाजगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवत असतात आणि कागदोपत्री बी.एड. करत असतात. एक वर्षाचं केलंत तर निदान निम्मे जण खरे वर्गात बसतील.

छात्राध्यापक-मित्र
@सातवी ब, एक गैरसमज दूर करतो. मसुद्यातलं एक वर्षाचं बी.एड. तीन वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी नाहीच. ते चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आहे. बेरीज करा. आजचा रस्ता ३ + २ = ५. चार वर्षांची पदवी घेऊन एक वर्ष, म्हणजे ४ + १ = ५. एम.ए. करून आलात तर ३ + २ + १ = ६. बारावीनंतरची वर्षं घटतात ती फक्त आयटेपमध्ये, चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झालेला. त्याला बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. तेव्हा ‘एक वर्षाचं झालं की सुटलो’ हा हिशेब बरोबर नाही.

आता माझा मुद्दा, तो धागाकर्त्यांच्या विरुद्ध आणि खडूंच्याही थोडा विरुद्ध. छात्रसेवाकाल नापास होतो तो वेळापत्रकामुळे. दुसऱ्या वर्षाचे १६ आठवडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले तर दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास पुरे होतात. शाळेचं नियोजन तेव्हा ताजं असतं, शिक्षक घटक वाटून द्यायला तयार असतात. पण पहिल्या वर्षाच्या प्रवेशफेऱ्याच लांबल्या तर पहिलं सत्र उशिरा, त्याची परीक्षा उशिरा, दुसरंही तसंच. छात्रसेवाकाल सप्टेंबरवर जातो. मग मध्येच प्रथम सत्र परीक्षा, दिवाळी. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा दहावीचा वर्ग नवख्याच्या हाती द्यायला मुख्याध्यापक तयार नसतात, आणि त्यांचं चूक नाही. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन. छात्राध्यापकांच्या वाट्याला येतात रिकाम्या तासिका, रांगा लावणं आणि पोषण आहाराच्या नोंदी. ९० टक्के हजेरी भरते. घटक नियोजन, संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा), घटक चाचणी, निदान, उपचारात्मक अध्यापन ही जी साखळी एका वर्गावर सलग करायची असते, ती कुठेच होत नाही. फाइल मात्र तयार असते, बहुधा मागच्या बॅचची.

आधी विद्यापीठ, सीईटी कक्ष आणि शाळा यांची दिनदर्शिका जुळवा. ते होत नाही तोवर विषयाची चाळणी लावा नाहीतर वर्षं वाढवा, हाल तेच.

तिरका खडू
दिनदर्शिकेचं पटलं. त्यात मनुष्यबळाचं गणित घाला. वर्षाला ५०-५० विद्यार्थ्यांच्या दोन युनिटांना, म्हणजे १०० जणांना, नियमाने १६ अध्यापक: एक प्राचार्य, चार शिक्षणशास्त्राच्या आधार विषयांचे, आठ अध्यापन पद्धतींचे, आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण, दृश्यकला, प्रयोगकला यांचे एकेक. समजा या १०० पैकी प्रत्येक छात्राध्यापकाने छात्रसेवाकालात ४० पाठ घ्यायचे ठरवले. झाले ४,००० पाठ. पद्धतीच्या आठ अध्यापकांत वाटले तर प्रत्येकी ५००, म्हणजे ९६ दिवसांत रोज पाचाहून जास्त, तेही वेगवेगळ्या शाळांत, पहिल्या वर्षाचे तास सांभाळून. ही पदं पूर्ण भरलेली असतील तर! म्हणून पाठ बघतो तो शाळेतला शिक्षक, ज्याला निरीक्षण कसं करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं आणि त्याचा एक पैसाही मिळत नसतो.

अपूर्णांकाच्या पाठात ‘प्रबलन योग्य’ लिहून सही करणारा तो हाच, @पाठटाचण. त्याला विषयाची नजर असती तर तुमच्या उदाहरणातली मुलगी विना-उत्तर राहिली नसती. चाळणी निरीक्षकाच्या बाजूने लावा.

ऋणगुण
टीईटीवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी थोडं अंकगणित. पेपर दोन, सहावी ते आठवी, १५० गुण: बालविकास व अध्यापनशास्त्र ३०, भाषा एक ३०, भाषा दोन ३०, गणित-विज्ञान ६० (किंवा सामाजिक शास्त्रं ६०). पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९०. विषयवार किमान गुणांची अट नाही, चुकीला गुण वजा नाहीत.

पहिल्या तीन भागांत ९० पैकी ७५ मिळवा. उरले १५. गणित-विज्ञानाच्या ६० प्रश्नांना चार-चार पर्याय, डोळे मिटून गोळे काळे केले तरी सरासरीने १५ बरोबर येतात. ७५ + १५ = ९०. पात्र! गणित शिकवायला.

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं (अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवलाय). अट लावली ते ठीक, पण जी चाळणी लावली तिला एवढं मोठं भोक आहे. तेव्हा धागाकर्त्यांचा ६० गुणांचा नवा पेपर नको. आहे त्या टीईटीत विषयभागाला किमान ५० टक्क्यांची अट घाला आणि ती नववी-दहावीपर्यंत न्या. एका अधिसूचनेचं काम आहे.

पाठटाचण
@ऋणगुण, हिशेब चोख. पण टीईटी येते बी.एड. झाल्यावर. दोन वर्षं आणि फी घालवल्यानंतर सांगायचं की तुला विषय येत नाही? @सातवी ब यांचा खर्चाचा मुद्दा खरा असेल, आणि तो खरा आहे, तर ‘नाही’ हे दाराशीच सांगितलेलं बरं. न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवलं, तेव्हाही हेच झालं. त्यांना तिथे पात्र ठरवणाऱ्या २०१८ च्या अधिसूचनेवर विसंबून लोकांनी पदव्या घेतल्या होत्या, अट उशिरा कळली.

आशयवाली
इथे कुणीच काढलं नाही म्हणून सांगते. आशययुक्त अध्यापन पद्धती, म्हणजे शालेय विषयाचा आशय आणि तो शिकवायची रीत एकत्र, हा भाग बी.एड.मध्ये आहे आणि काही विद्यापीठांत आशय चाचणीही आहे. म्हणजे ‘कुणीच तपासत नाही’ हे काही अगदी खरं नाही. तपासणं अंतर्गत आहे, ही अडचण. अंतर्गत गुणांत २० पैकी १७-१८ सगळ्यांनाच, कारण निकाल घसरला तर पुढच्या वर्षी जागा रिकाम्या राहतात, ही कॉलेजांना धास्ती.

सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव-पाठांचं तसंच. ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र. नीट केलं तर प्रश्न विचारून मूल विचार करेपर्यंत थांबायची सवय तिथेच लागते. कॉलेजात पहिली ६ मिनिटं होतात, बाकी ३० वहीत लिहिली जातात.

माझी सूचना: लेखी पेपर नको, तोंडी घ्या. छात्रसेवाकालाआधी सहावी ते दहावीच्या पुस्तकातला एक घटक चिठ्ठीने काढायचा, २० मिनिटं तयारी, मग फळ्यावर १० मिनिटं समजावणं आणि ‘का’ असे पाच प्रश्न. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचा. नापास झाला तर महिन्याने पुन्हा, तोवर वर्गावर पाठवायचं नाही. क्लासवाले यावर गाइड काढू शकणार नाहीत.

ऋणगुण
परीक्षक दुसऱ्या कॉलेजचा म्हणजे यंदा तुम्ही आमच्याकडे, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे. चहा-पोहे, आणि सगळे १८.

आशयवाली
मग चित्रीकरण करा, आणि त्यातले दहातले एक कॅसेट-पेनड्राइव्ह काय असेल ते विद्यापीठाकडून परत तपासून घ्या. फरक ३ गुणांहून जास्त निघाला तर त्या परीक्षकाच्या सगळ्या तोंडी परीक्षा नव्याने. परीक्षकाला मानधन मिळालं पाहिजे ते वेगळंच.

पाठटाचण
तोंडी परीक्षेची कल्पना माझ्या पेपरापेक्षा बरी आहे, पण एक अडचण सोडवून द्या. सामाजिक शास्त्राचा छात्राध्यापक इतिहासाचा पदवीधर असतो आणि दहावीला त्याला भूगोलही शिकवायचा असतो. चिठ्ठीत ब्राझीलचं पर्जन्यमान निघालं तर त्याला नापास करायचं का? नाही म्हणालात तर तो जूनमध्ये तोच धडा घेऊन वर्गावर उभा असेल.