बोट यार्डात सुतारांना ओव्हरटाईम आणि फायबरवाल्यांना घरी, असं का? भावासाठी विचारतोय

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ यूएईत अजमानला लक्झरी बोटी बांधणाऱ्या एका यार्डात लॅमिनेटर आहे, म्हणजे फायबरचे थर चढवून बोटीचं अंग बनवणारा, साडेचार वर्षं झाली. इथं सोलापुरात असताना चिंचोळी एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे असली कामं करायचा, तिकडं गेल्यावर चाळीस-पन्नास फुटी बोटींवर लागला, आधी हातानं रोलर मारायचा, नंतर त्याला व्हॅक्यूमवर घेतलं. काचेच्या धाग्यानं हात कायम खाजून लाल झालेले असतात पण काम मनापासून आवडतं त्याला. इथून नेलेलं पाच रुपयांचं जुनं जाड नाणं खिशात असतं, सुकलेल्या हलवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचावर, ते टकटक वाजवत जातो, आवाज भरीव आला तर ठीक, बद्द आला तर आत हवा राहिलीय. एकदा व्हिडिओ कॉलवर दोन्ही आवाज ऐकवले मला, मला काही फरक कळला नाही, तो मात्र बघता बघता पेन्सिलनं गोल करून मोकळा झाला.

तर गेल्या आठवड्यात त्याच्या सेक्शनच्या २३ जणांना बोलावून सांगितलं की काम कमी झालंय, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला, इंग्रजी-अरबीत टाईप केलेला, त्यात लिहिलंय की मी वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे. सोमवारपर्यंत सही पाहिजे. सुपरवायझर म्हणालाय सही केली की हिशोब लवकर होईल.

मला दोन गोष्टी कळेनात. एक, सही करावी का. दुसरी म्हणजे त्याच यार्डात सुतार, पॉलिशवाले, वायरमन सगळ्यांना अजून रात्री नऊपर्यंत ओव्हरटाईम आहे, शेडमध्ये सहा बोटी उभ्या आहेत, मग काम नाही म्हणायचं तरी कसं? भावाला वाटालंय की त्याच्याच कामात काहीतरी खोट निघाली असणार. नीट जेवत नाही. वडिलांना अजून सांगितलं नाही, ते स्वतः मिल बंद पडल्यावर घरी बसलेले, आमच्या घरात तो काळ कुणी काढत नाही.

बंदरावरचा

मी मूळचा सोलापूरच्या बाळे भागातला, गोव्यात बोट यार्डाच्या प्लॅनिंगमध्ये १४ वर्षं काढली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण भाऊ जेवत नाही असं लिहिलंय तुम्ही.

त्याच्या कामात खोट नाही. बोट बांधताना लॅमिनेशन सगळ्यात आधी येतं. मोल्डला म्हणजे साच्याला मेण, मग जेलकोट म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, मग काचेच्या धाग्याची मॅट नि ती घट्ट करणारं रेझिन, आणि हल मोल्डमधून बाहेर निघाला की लॅमिनेटरचं मुख्य काम संपलं. त्यानंतर त्याच हलमध्ये इंजिन, पाईप, वायरिंग, एसी, लाकूडकाम, पॉलिश हे महिनोन्‌महिने चालतं, मोठ्या बोटीला तर वर्षाच्या वर. म्हणजे आज सुतार ज्या बोटीवर ओव्हरटाईम करतोय तिची ऑर्डर जुनी आहे. नवीन हल टाकायचे थांबवले की पहिला फटका लॅमिनेशनला बसतो, सुताराला तोच फटका आठ-दहा महिन्यांनी बसतो. शेडमध्ये सहा बोटी उभ्या आहेत म्हणता, भावाला एवढंच विचारा की मोल्डमध्ये किती आहेत. मोल्ड रिकामे असतील तर सगळं कळलं.

आता मागणीचं. कोविडमध्ये लोकांना विमान नको, हॉटेल नको, मग बोटी उचलल्या. नुसत्या अमेरिकेत २०२० मध्ये तीन लाखांच्या वर नव्या मोटरबोटी विकल्या गेल्या, २००८ नंतर पहिल्यांदाच एवढ्या. यार्डांनी माणसं भरली, डीलरांनी पुढच्या दोन-दोन वर्षांच्या ऑर्डरी टाकल्या. नंतर अमेरिकेत व्याजदर २०२२ च्या सुरुवातीला जवळपास शून्य होता तो २०२३ च्या मध्यापर्यंत पाच टक्क्यांच्या वर गेला. डीलर बोट रोख घेत नाही, बँकेच्या पैशावर घेऊन स्वतःच्या यार्डात उभी करतो आणि ती विकेपर्यंत व्याज भरतो. ते व्याज अंगावर यायला लागलं तसं त्यानं नवीन ऑर्डर बंद केली आणि उभा माल काढायच्या मागं लागला. चाळीस ते साठ फुटातला गिऱ्हाईक बऱ्याचदा डॉक्टर, बिल्डर, मध्यम कारखानदार असतो, तोही हप्त्यावर घेतो, तोही थांबला. भाऊ नेमका ह्याच साईजवर आहे.

आणि पेपरात सुपरयॉटची ऑर्डरबुकं फुल आहेत असं वाचाल, त्यावर जाऊ नका. तो वेगळा धंदा आहे. पन्नास मीटरच्या वरच्या बोटींचे हल बहुतेक स्टीलचे आणि वरचं बांधकाम ॲल्युमिनियमचं असतं, म्हणजे तिथं वेल्डर लागतो, फायबरवाला कमीच लागतो. तिथंही सगळं गोड नाही, २०२२ मध्ये रशियन श्रीमंतांवर निर्बंध आले तेव्हा १४३ मीटरची एक बोट इटलीनं त्रिएस्तेच्या बंदरात जप्त करून ठेवली, रशियन हा ह्या धंद्यातला मोठा गिऱ्हाईक होता, तो युरोपातल्या यार्डांच्या दारातून गेला.

हे काही आजचं नाही. अमेरिकेनं १९९१ पासून एक लाख डॉलरच्या वरच्या बोटींवर, वरच्या रकमेवर दहा टक्के लक्झरी टॅक्स लावला होता, वाटलं होतं श्रीमंत भरतील, श्रीमंतांनी बोट घेणंच सोडलं किंवा जुनी घेतली आणि घरी गेले ते यार्डातले कामगार. १९९३ मध्ये टॅक्स मागं घेतला तोवर कित्येक यार्डं बसली होती. २०१८ मध्ये सी रे ह्या कंपनीनं मोठ्या यॉट बनवणं बंद करून फ्लोरिडातला पाम कोस्टचा कारखाना मिटवला, तेव्हा तर बाजार चांगला होता. बोट ही चैन आहे, ती घेणारा उद्या घेऊ म्हणू शकतो, बनवणाऱ्याला उद्या जेवू असं म्हणता येत नाही, ह्याचा मला १४ वर्षांत कधी त्रास व्हायचा थांबला नाही.

देगावचा_देरात

सही करू नका. आधी हे वाचा मग बाकीचं बोला.

मी दुबईत अकरा वर्षं अकाउंट्सला आहे, असले कागद बघितलेत. यूएईत २०२३ पासून नोकरी गेल्याचा विमा आहे, आयएलओई म्हणतात, बेसिक पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिना फक्त ५ दिरहम हप्ता. नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. अट अशी की सलग १२ महिने विमा भरलेला पाहिजे, काम सुटल्यापासून ३० दिवसांत क्लेम टाकला पाहिजे, आणि राजीनामा दिलेला नसावा. तो कागद सही केला की हे सगळं गेलं. शिवाय क्लेम चालू असताना माणूस तिथंच कायदेशीर पाहिजे, लगेच विमानात बसला तरी गेलं.

ग्रॅच्युइटीचं म्हणाल तर २०२२ च्या नवीन कायद्यात राजीनामा दिला तरी ती कापत नाहीत, तेवढी भीती नको. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचं बेसिक. समजा बेसिक १,४०० आहे तर दिवसाचे साधारण ४६.६७, वर्षाचे ९८०, साडेचार वर्षांचे ४,४१०. विम्याचे महिना ८४० धरून तीन महिन्यांचे २,५२०. वर कमीत कमी ३० दिवसांची नोटीस, शिल्लक सुट्टीचे पैसे, आणि दुसरीकडं लागला नाही तर परतीचं तिकीट मालकाकडं. हा सगळा हिशोब काम संपल्यापासून १४ दिवसांत द्यावा लागतो, सही केली तर लवकर देऊ हे बोलणंच चुकीचं आहे, तो उपकार नाही.

त्यानं फक्त एवढं म्हणायचं, आवाज न चढवता, की साहेब तुम्ही काढताय तर तुम्हीच काढल्याचं लिहून द्या. ऐकलं नाही तर कामगार मंत्रालयाच्या ॲपवरून तक्रार टाकता येते, तिला पैसे लागत नाहीत. आणि २३ च्या २३ जणांनी हेच म्हणायला पाहिजे, पाच जणांनी सही केली की बाकीच्यांवर जोर टाकतात. त्या कागदाचा फोटो काढून ठेवायला सांगा आज रात्रीच.

मागावाले_अण्णा

भाऊ, वाचून पोटात कालवलं. अक्कलकोट रोडला आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत, बोटीतलं मला काही कळत नाही पण बंदरावरचा यांनी डीलरचं जे लिहिलंय ते शब्दाला शब्द आमच्याकडं झालंय. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांनी टॉवेल असे उचलले की रात्रपाळीला माणूस मिळेना, आणि पुढच्या वर्षी त्यांची गोडाऊन भरली तर फोन उचलेनात. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५० टक्के टॅरिफ बसला. मी तेव्हा बारा माग थांबवले. आमच्यात पण असंच, आधी बीम भरणारा, म्हणजे मागाला ताण्याचं सूत गुंडाळून देणारा, घरी बसतो, शिलाई आणि पॅकिंगवाल्या बाया जुना माल निघेपर्यंत कामावर असतात, त्यांना वाटतं आपलं वाचलं.

कामगाराला बसवताना मी एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं, कागदावर राजीनामा असं कुणाकडून घेतलं नाही. धंदा पडला हे मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, कामगाराच्या सहीनं सांगू नये.

माझं मत विचाराल तर त्याला गावाकडं बोलवा. आणि वडिलांना सांगा. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल, ह्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपल्या गावात ज्यांनी हे भोगलं त्यांच्यापासून लपवून काय उपयोग, ते समजून घेतील, तुमच्यापेक्षा जास्त.

चिंचोळी_फायबर

अण्णांचं मन कळतं पण गावाकडं बोलवा म्हणायच्या आधी काय म्हणून बोलवायचं ते बघू. माझं स्वतःचं फायबरचं शेड आहे चिंचोळीत, टाक्या नि शेडचे पत्रे. मी हाताच्या लॅमिनेटरला १८ हजार देतो, त्यावर परवडत नाही, खरं तेच सांगतो. तो माझ्याकडं आला तर मला आनंद होईल पण त्याचं शिक्षण वाया जाईल.

त्याच्याकडं इन्फ्युजन आहे, म्हणजे कोरडी मॅट अंथरून वर प्लॅस्टिकची पिशवी सील करायची, पंपानं हवा ओढायची आणि त्या ओढीनं रेझिन आत खेचायचं. ह्यात सगळी गोम पिशवी सील करण्यात. पंप बंद करून गेजकडं दहा-पंधरा मिनिटं बघत बसायचं, काटा जराही उतरला की कुठंतरी गळती, मग टेपवर कान लावून सूं आवाज शोधायचा. एक गळती राहिली की अख्खा भाग भंगारात. हे सोलापुरात करणारा माणूस मला माहीत नाही. पवनचक्कीची पाती ह्याच पद्धतीनं बनतात, गुजरात, कर्नाटक, तामिळनाडूत कारखाने आहेत. रेल्वेच्या डब्यात फायबरचे पॅनेल असतात आणि लातूरचा कोच कारखाना आपल्यापासून अडीच-तीन तासांवर आहे, तिथं वंदे भारत स्लीपरचं काम आहे, थेट नाही तरी त्यांना पॅनेल पुरवणारे लागणारच. त्याला सांगा बायोडाटात नुसतं लॅमिनेटर लिहू नको, व्हॅक्यूम इन्फ्युजन, किती फुटाचा हल, किती भाग एका ओढीत, हे लिही. आणि विम्याच्या त्या तीन महिन्यांत यार्डातून अनुभवाचं पत्र घे, नंतर कोण देत नाही.

पूर्वभाग_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच.

मोल्डचं विचारलं. पाचपैकी चार रिकामे आहेत, त्यांच्यावर कापड टाकून ठेवलंय. हे ऐकल्यावर फोनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला दादा मी रोज त्या कापडांसमोरून जात होतो.

सही केली नाही. २३ पैकी १९ जणांनी केली नाही, चौघांनी आधीच केली होती, त्यात एक त्याच्याच खोलीतला आहे, त्याचं वाईट वाटालंय त्याला. बुधवारी दुसरा कागद आला, कंपनी काम संपवत आहे असं लिहिलेला, ३० दिवसांची नोटीस. विमा चालू आहे, १२ महिने कधीच होऊन गेलेत, बेसिक देगावच्या दादांनी धरलं होतं त्यापेक्षा शंभर दिरहम कमी आहे, त्या हिशोबानं मी वहीत मांडून ठेवलंय.

वडिलांना काल रात्री जेवल्यावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून फोन मागितला आणि त्याला लावून पहिलं विचारलं, जेवलास का.

चिंचोळी दादा, तुम्हाला मेसेज टाकलाय, त्यात त्याचे तीन व्हिडिओ आहेत, दुसऱ्यात गेजचा काटा दिसतो, तेवढा बघून सांगा.