बांधकामातील डिझेल-विजेचा खर्च आणि कार्बनचा हिशेब: छोट्या ठेकेदाराने सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ (जळगाव):

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यात खासगी बांधकामांचे ठेके घेतो. सध्या एका शिक्षण संस्थेच्या सुमारे १०,००० चौरस फुटांच्या दुमजली इमारतीची बोलणी चालू आहेत. बांधकामात किती कार्बन उत्सर्जन होईल आणि ते कमी करण्यासाठी मी काय करणार आहे, हे दरपत्रकासोबत लेखी द्यावे, अशी विश्वस्तांची या वेळी अट आहे; मात्र चौरस फुटाचा दर वाढता कामा नये. मागच्या कामात दर ठरल्यानंतर लोखंड महागले आणि तो फरक माझ्याच खिशातून गेला, कारण सरकारी कामात असते तसे भाववाढीचे कलम खासगी करारात कोणी घालू देत नाही. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा. साइटवर वीज टिकत नाही, म्हणून जनरेटर चालतो आणि डिझेलचे बिल डोळ्यांत खुपते. जनरेटर बंद करून सौर पॅनेल लावावेत, असा माझा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

सळईचा हिशेब (धुळे):

डिझेलचे बिल रोज दिसते, म्हणून ते मोठे वाटते. आपण ढोबळ मानाने मांडून पाहू. चौरस फुटाला ०.४ गोणी धरली तर ४,००० गोण्या, म्हणजे २०० टन सिमेंट लागेल. ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटच्या एका टनामागे साधारण ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर हा आकडा १७० टनांवर जातो. चौरस फुटाला चार किलो लोखंड धरल्यास ४० टन होते, आणि खनिजापासून बनवलेल्या पोलादासाठी टनामागे अडीच टन धरल्यास आणखी १०० टन. आता जनरेटर पाहा: रोज १० लिटरप्रमाणे २०० दिवसांचे २,००० लिटर डिझेल, आणि लिटरमागे सुमारे २.७ किलो. एकूण बेरीज साडेपाच टनांपेक्षाही कमी येते.

याचा अर्थ जनरेटर चालू ठेवावा, असा मुळीच नाही. एका लिटरमध्ये तीन-सव्वातीन युनिट वीज मिळते. डिझेलच्या दराला तीनाने भागून पाहा, म्हणजे ती वीज किती महाग पडते ते कळेल. तिथे पैसा वाचतो, पण कार्बन सिमेंटमध्ये आहे. त्यातही निम्म्याहून अधिक उत्सर्जन भट्टीच्या इंधनाचे नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडणाऱ्या वायूचे असते, त्यामुळे सिमेंट कारखान्याने उद्या सगळी वीज सौर वापरली तरी तो भाग तसाच राहतो. आपल्या हातात एवढेच आहे की क्लिंकर (भट्टीत भाजलेल्या चुनखडीचे खडे) कमी असलेले सिमेंट घ्यायचे. पीपीसी, म्हणजे औष्णिक केंद्राची राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये, मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख चालते. ३० टक्के धरल्यास सुमारे ५० टन वाचतात. तुम्ही आधीपासून पीपीसीच वापरत असाल, तर मात्र ही बचत नवी म्हणून दाखवू नका. लोखंडाच्या बाबतीत, भंगार वितळवून केलेल्या सळईचा आकडा बराच कमी असतो, पण तो भट्टीच्या विजेवर अवलंबून राहतो. माल कोणत्या कारखान्याचा आहे आणि कशापासून केला आहे, हे लेखी मागून घ्या.

राखेची वीट (भुसावळ परिसर):

भिंतींविषयी थोडे लिहितो. दीपनगरचे औष्णिक केंद्र तुमच्यापासून जवळ आहे, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे अशा केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत, दर पर्यायी मालापेक्षा जास्त नसेल तर, राखेपासून केलेला माल वापरणे बंधनकारक आहे. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही. तरी तिच्यात सिमेंट असते, तेव्हा तिला शून्य कार्बनची वीट म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी स्वतः त्याच धंद्यात असून हे सांगतो आहे. गिलाव्याला तडे जातात ही तक्रार खरी आहे, पण तिचे कारण बहुतेक वेळा विटेचे पुरेसे क्युरिंग (पाणी मारून पक्के करणे) होण्याआधीच ती ट्रकवर चढवली जाते, हे असते. विटा पाडल्याची तारीख विचारा, आणि तीन आठवडे झाले नसतील तर माल परत पाठवा.

तापीकाठ (जळगाव):

हिशेबाबद्दल आभार. पीपीसीबाबत माझी अडचण वेगळी आहे. मी घरांच्या कामाला तेच वापरतो, परंतु घाईच्या स्लॅबला ओपीसी घेतो, कारण सेंट्रिंगच्या (स्लॅबखाली लावायच्या साच्याच्या) प्लेटा भाड्याच्या असतात आणि पीपीसीला सुरुवातीची ताकद उशिरा येते. होळीला सातपुड्याकडचे मजूर गावी गेले, की मागे पडलेले काम थेट आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात भरून काढावे लागते.

निवृत्त उपअभियंता (नंदुरबार):

तुमचा मूळ प्रश्न इथे आहे. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधले अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे असतात, आणि ही मुदत साध्या सिमेंटसाठी आहे. उष्ण, कोरड्या हवेत पीपीसीच्या कामाला १४ दिवस पाणी मारण्याची शिफारस त्याच मानकात आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर असताना काँक्रीट ओले राहिले, तर पीपीसीही बऱ्यापैकी लवकर ताकद धरते. खरा उशीर जानेवारीच्या थंडीत होतो. म्हणून अंदाजावर न जाता सात दिवसांचा क्यूब (त्याच काँक्रीटचा नमुना ठोकळा) फोडून ताकद पाहा आणि मगच टेकू काढा. काँक्रीट पहाटे ओता, स्लॅबवर छोटे बांध घालून आळी करा आणि पाणी साठवा, आणि जिथे आळी करता येत नाही तिथे ओले बारदान टाकून वर प्लॅस्टिक अंथरा, म्हणजे टँकरच्या फेऱ्या कमी होतील. कार्बन वाचवायला हे जादा दिवस आणि हे पाणी लागते, पण तुमच्या दरपत्रकात त्यांच्यासाठी ओळच नसते. ती ओळ घाला आणि विश्वस्तांना दाखवा.

सौर पॅनेल संस्थेने इमारत पूर्ण झाल्यावर छतावर बसवावेत. मात्र सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, शाळेला ते धरून हिशेब करू नये. पॅनेल नसलेल्या छतावर पांढरा उष्णतारोधक थर दिल्यास वरच्या मजल्यावरील वर्गांना मोठा फरक पडेल.

तापीकाठ (जळगाव):

सर्वांचा आभारी आहे. दरपत्रकात सेंट्रिंगचे सात जादा दिवस आणि पाण्याचे टँकर स्वतंत्र दाखवतो, आणि शेजारी ओपीसीऐवजी पीपीसी घेतल्याने खरोखर वाचणाऱ्या कार्बनचा आकडा लिहितो. दर तोच हवा असेल, तर यांतले काय वगळायचे ते विश्वस्तांनीच सांगावे.