पोटासाठीची रेघ, स्वतःची रेघ : चित्रकारांनो, अनुभव लिहा

मी स्टोरीबोर्ड करते, म्हणजे फिल्ममधला प्रत्येक प्रसंग आधी चित्रांच्या चौकटींत मांडते. दिवसभर दुसऱ्या कुणी घडवलेली पात्रं काढायची, तीही मॉडेल शीटबरहुकूम, म्हणजे पात्र नेमकं कसं दिसावं ते ठरवणाऱ्या नमुना-तक्त्याप्रमाणे. नाकाचं टोक डोळ्यांच्या रेषेपासून किती खाली, हेसुद्धा ठरलेलं. काम मला मनापासून आवडतं. पण घरी येऊन स्वतःची वही उघडली की हात त्याच पात्राचे डोळे काढायला लागतो. म्हणून अ‍ॅनिमेशन, व्यंगचित्रं, कॉमिक्स करणाऱ्यांना आणि नुसतंच रोज रेखाटणाऱ्यांनाही विचारते आहे : पोटासाठीचं चित्र आणि स्वतःचं चित्र एकाच हातात कसं नांदतं? वही कामाला काही देते का? सविस्तर लिहा, घाई नाही.

टूडी अ‍ॅनिमेटर

मी इनबिटवीनर म्हणून सुरुवात केली. मुख्य पोझेस वरिष्ठ काढायचे, त्यांच्या मधली चित्रं मी भरायचो. सेकंदाला २४ फ्रेम्स, एक चित्र दोन फ्रेम्स धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, खालचा कागद, वरचा कागद, मध्ये माझी रेघ. या कामात हात तयार होतो, पण डोळा आपोआप तयार होत नाही. तो मला वहीने दिला.

एक उदाहरण सांगतो. एका मालिकेत काठी टेकत चालणारे आजोबा होते. स्टोरीबोर्डवर काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूच्या हातात होती, आणि तशी चाल काही केल्या पटेना. माझ्या वहीत बसच्या रांगेतली, दवाखान्याच्या बाकांजवळची काठीवाली माणसं होती. पानं उलटून पाहिली तर बहुतेकांची काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखरा पाय टेकतो त्याच वेळी काठीही टेकते आणि भार दोघांत वाटला जातो. आणखी एक गोष्ट त्या रेखाटनांत होती : दुखऱ्या पायावर माणूस जेमतेम थांबतो, धडधाकट पायावर मात्र निवांत उभा राहतो. साधारण चालीत एका पावलाला १२ फ्रेम्स धरतात. मी धडधाकट पायाला १५ दिल्या, दुखऱ्याला ९. डोकं त्या छोट्या पावलाला किंचित पुढे झुकवलं. काठीचा हात बदलला म्हणून बोर्ड आर्टिस्टला आणि दिग्दर्शकाला वही दाखवली, दोघांनीही लगेच मान्य केलं. आजोबा चालू लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "यांचा गुडघा दुखतोय ना?" संवादात गुडघ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

तेव्हापासून मी वहीत चेहरे कमी आणि वजन जास्त काढतो. माणूस उभा असताना भार कुठल्या पायावर आहे, पिशवी उचलल्यावर विरुद्ध खांदा किती वर जातो, खुर्चीतून उठण्याआधी डोकं किती पुढे येतं. स्टुडिओत जे शिकवलं जातं ते सगळं खरंच आहे, स्क्वॉश-स्ट्रेच (आकाराचं दबणं-ताणणं), अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी), आर्क्स (हालचालीची वक्र वाट). डिझ्नीच्या दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांनी, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ साली पुस्तकरूपाने मांडलेली ती १२ तत्त्वं मी आजही वापरतो. पण खुर्चीतून उठणाऱ्या बाईला आपण स्वतः रेखाटलेलं असलं की अँटिसिपेशन म्हणजे काय ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

दैनिकात व्यंगचित्र काढणारा

माझं चित्र एका कॉलमाच्या रुंदीत छापतात. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे बारीक जाळीदार छटा दिल्या की छापताना त्यांची गिचमिड होते. म्हणून रेघ कमी, ठसठशीत, आणि काळा रंग जिथे नजर न्यायची तिथेच. ही शिस्त मला प्रिय आहे.

खरा वेळ जातो कल्पनेत. सकाळच्या बातम्या वाचून छोट्या चौकोनांत कच्ची रेखाटनं करत जातो, पहिल्या चार-पाच कल्पना सहसा कुणालाही सुचतील अशाच असतात. त्या कागदावर उतरल्या की मगच पुढची येते. माझी एक कसोटी आहे : मथळा हाताने झाकायचा आणि चित्र तरीही काही सांगतंय का ते बघायचं. शि. द. फडणीसांची शब्दविरहित चित्रं लहानपणी तासन्‌तास पाहिली, ती कसोटी तिथून आली. चित्रातल्या एका वस्तूची जागा बदलते आणि सगळं जग हसायला लागतं, एक अक्षर न लिहिता.

स्वतःच्या चित्राबद्दल विचारलंत. आर. के. लक्ष्मण राजकारणावर रोज भाष्य करत राहिले, पण कावळे मात्र त्यांनी निव्वळ ओढीने काढले, असंख्य काढले. मला तो माणूस त्या कावळ्यांमुळे जास्त जवळचा वाटतो. प्रत्येक व्यंगचित्रकाराकडे बातमीशी काडीचाही संबंध नसलेला असा एक विषय असावा असं माझं ठाम मत आहे. माझ्यासाठी ती झोपलेली माणसं. प्रवासात, वाट बघण्याच्या जागी, कुठेही. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर भूमिका नसते, आणि दिवसभर भूमिका घेतलेले चेहरे काढल्यावर मला त्याची फार गरज असते.

थ्रीडी अ‍ॅनिमेटर

कामावर पेन्सिल हातात घ्यावी लागत नाही, रिग (पात्राचा संगणकातला सांगाडा) हलवायचा, ग्राफ एडिटरमध्ये हालचालीचे वक्र नीट करायचे. तरी मी ब्लॉकिंगच्या (मुख्य पोझेस बसवण्याच्या) आधी दहा मिनिटं काठीमाणसं काढतेच. सॉफ्टवेअरमध्ये थेट बसलं की सांध्यांचा विचार आधी होतो आणि पोझचा नंतर. कागदावर पाठीच्या कण्याची एक रेघ ओढली की शॉट काय आहे ते कळतं. आमच्याकडे बरेच जण फक्त स्वतःचा व्हिडिओ काढून रेफरन्स म्हणून वापरतात. मीही काढते, पण व्हिडिओत सगळंच असतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय वाढवायचं, ते रेखाटताना ठरतं.

कॉमिक्स इंक करणारी (पेन्सिलच्या चित्रांवर शाईची रेघ चढवणारी)

धागा सुरू करणारीला सांगते, हातात दुसऱ्याचे डोळे बसणं हे मलाही झालं होतं. मी साधन बदललं. कामासाठी टॅब्लेट, स्वतःसाठी फक्त ब्रश आणि शाई. ब्रशला तीच सवयीची रेघ काढताच येत नाही, दाब जरा बदलला की जाडी बदलते, त्यामुळे बघूनच काढावं लागतं. शिवाय बरीच पानं मी कागदाकडे न बघता काढते, नजर समोरच्या वस्तूवर आणि हात तिच्या कडेने सरकत राहतो. चित्र वेडंवाकडं येतं, पण ते सर्वस्वी माझं येतं.

मला हाताच्या दुखण्याबद्दलही लिहायचंय, कारण आपल्यात ते कुणी बोलत नाही. डेडलाइनच्या काळात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, मग बाटलीचं झाकणही फिरवता येईना. फिजिओथेरपिस्टने मला काम करताना बघितलं आणि सांगितलं की तुम्ही पेन चिमटीत आवळता आणि सगळी हालचाल बोटांतून करता. जाड पकडीचा पेन घेतला, टेबल तिरकं केलं, लांब रेघा खांद्यातून ओढायला लागले. दिवसातली पहिली पाच मिनिटं मी मोठ्या कागदावर वर्तुळंच काढते. कळ गेलीय, मात्र सलग बसणं मी कायमचं सोडलंय. वेदना हा कलेच्या निष्ठेचा पुरावा आहे असं कुणी तरुण मुलांना सांगत असेल तर कृपया सांगू नका.

हिशेबाचं काम करणारा, रोज रेखाटणारा

माझं पोट चित्रावर नाही, त्यामुळे प्रश्न मला अर्धाच लागू. मी पेनाने काढतो, खोडायची सोय नाही. समोरचा माणूस हलतो, वळतो, निघूनही जातो. म्हणून एका पानावर तीन-चार चित्रं एकदम सुरू ठेवतो, तो वळला की दुसरं धरायचं. माणसं हलून पुन्हा त्याच पोझमध्ये येतात, बसण्याची लकब कुणाची सुटत नाही. आपल्याला फक्त थांबता यायला हवं.

स्वतःची फिल्म करणारी

मी नोकरीनंतरच्या वेळात एकटीने चित्रपट करते आहे, कागदावर. अशा वेळी मला विन्सर मॅके आठवतात. ते मुळात वृत्तपत्रांतले व्यंगचित्रकार. १९१४ साली त्यांनी डायनासोरचा चित्रपट केला तेव्हा पारदर्शक सेलचा (पार्श्वभूमीवर ठेवून वापरायच्या पातळ पारदर्शक तावाचा) वापर अजून रुळला नव्हता, म्हणून प्रत्येक कागदावर पार्श्वभूमीचे डोंगर-दगडही पुन्हा गिरवावे लागत, हजारो कागदांवर. त्या प्राण्याचा श्वास किती वेळाचा असावा हे ठरवायला त्यांनी स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला होता. माझ्या फिल्ममध्ये झोपलेली कुत्री आहे. मी तिच्याशेजारी स्टॉपवॉच घेऊन बसले. श्वास आत घेताना बरगड्या हळू फुगतात, सोडताना झपकन बसतात आणि मग एक विराम येतो. तो विरामच मी आधी ठेवला नव्हता. विरामाला काही फ्रेम्स दिल्या आणि कुत्री झोपली.

एक व्यवहाराची गोष्ट. नोकरीच्या करारात तुम्ही काढलेलं सगळं कंपनीचं, असं कलम असू शकतं, आणि काही वेळा त्यात कामाबाहेरच्या वेळातलं कामही येतं. माझ्या करारात होतं. सही करण्याआधी मी लेखी विचारलं आणि वह्या व ही फिल्म वगळल्याचं पत्र घेतलं. मागितल्यावर त्यांनी सहज दिलं. ज्यांची नोकरी आणि स्वतःचं काम दोन्ही चालू आहे त्यांनी आपापलं कलम कसं सोडवलं, तेही इथे लिहावं.