मदत हवी आहे : आयसीयू इनचार्जच्या नेमणुकीवरून स्टाफमध्ये पडलेली फूट कशी सांधावी?

नमस्कार.

पुण्यातील १२० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात मी गेली आठ वर्षे मेट्रन, म्हणजे नर्सिंग विभागाची प्रमुख, आहे. जुलैमध्ये आमच्या १२ खाटांच्या आयसीयूसाठी नवीन इनचार्ज सिस्टर नेमल्यापासून तिथल्या स्टाफमध्ये निर्माण झालेली तेढ आता रुग्णांपर्यंत पोहोचू लागली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधीच्या इनचार्ज निवृत्त झाल्यावर आठ महिने त्यांचा चार्ज आमच्याच एका ज्येष्ठ सिस्टरनी सांभाळला. त्या जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या आहेत, आयसीयूमध्ये त्यांची १४ वर्षे झाली आहेत आणि तिथल्या निम्म्याहून अधिक मुलींना व्हेंटिलेटरचा कोणता अलार्म कशासाठी वाजतो हे त्यांनीच शिकवले आहे. जागा कायमची भरताना जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि तिघांच्या समितीने दुसऱ्या शहरातून आलेल्या, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेला मान्यता देणारी संस्था) मूल्यांकनाचा अनुभव असलेल्या सिस्टरची निवड केली. समितीत मी होते आणि निवड योग्य झाली असे मला आजही वाटते. मात्र ज्येष्ठ सिस्टरना ही बातमी माझ्या तोंडून कळायला हवी होती, ती नोटीस बोर्डवरच्या परिपत्रकातून कळली. मी त्या दिवशी बैठकीत होते, पण हे कारण पुरेसे नाही.

स्टाफचे म्हणणे असे की जीएनएम तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. चार वर्षांचे असले तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे दोघींची नोंदणी परिचारिका म्हणूनच होते, मग १४ वर्षांच्या अनुभवापेक्षा एक पदवी मोठी कशी ठरली? पदवी हा निवडीचा एकमेव निकष नव्हता, हे मी सांगून पाहिले. त्यावर ज्येष्ठ सिस्टर एकच वाक्य बोलल्या : ‘मॅडम, २०१९ मध्ये मी पोस्ट बेसिकसाठी दोन वर्षांची रजा मागितली होती, तेव्हा स्टाफ कमी आहे म्हणून तुम्हीच थांबवलंत.’ हे खरे आहे; पोस्ट बेसिक म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठीचे बी.एस्सी. नर्सिंग. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये राज्यातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले आणि त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी पीपीई किट घालून रात्रपाळ्या केल्या. रजेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

कोणी उघड भांडत नाही, पण माहिती दिली जात नाही, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद होतात. कोणती सिस्टर नदीच्या कोणत्या बाजूला राहते हे पाहून ज्येष्ठ सिस्टर दरवर्षी त्या दिवसाच्या पाळ्या लावत असत. नव्या इनचार्जनी नेहमीच्या क्रमाने रोस्टर लावले. ते चालणार नाही हे सर्वांना दिसत होते, पण कोणी सांगितले नाही. दुपारपाळीच्या दोघी जवळजवळ दोन तास उशिरा पोहोचल्या आणि तोवर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर हे प्रमाण आम्हाला पाळता आले नाही. मागच्या आठवड्यात एका रुग्णाच्या इन्सुलिन इन्फ्युजनचा (पंपाने शिरेतून सोडल्या जाणाऱ्या इन्सुलिनचा) वेग डॉक्टरांनी राउंडमध्ये बदलला, तो हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, सांगायचा राहिला. निवासी डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आले, म्हणून रुग्णाला इजा झाली नाही. ते जाणूनबुजून झाले असे मी म्हणणार नाही, परंतु पूर्वी असे होत नव्हते.

निवड न बदलता ज्येष्ठ सिस्टरशी मी काय बोलावे? त्यांना दुसऱ्या वॉर्डचे इनचार्जपद द्यावे असे एचआरने सुचवले आहे. ते योग्य होईल का? अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी निवृत्त मेट्रन आहे. तुमच्या धाग्यात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. निवडीवर तुम्ही ठाम राहा, कारण आरडाओरड झाल्यावर ती फिरवली तर पुढची प्रत्येक नेमणूक गटबाजीवर ठरेल. २०१९ चा निर्णय मात्र तुमचा होता, त्याची कबुली त्यांना एकांतात द्या. एचआरला बरोबर घेऊ नका, आणि त्या भेटीत नव्या इनचार्जची बाजूही मांडू नका. दुसऱ्या वॉर्डचे पद आत्ताच देऊ केलेत तर त्यांना आयसीयूमधून हलवले असाच अर्थ निघेल. त्याऐवजी पोस्ट बेसिकची रजा कोणत्या महिन्यापासून मिळेल आणि त्या काळात त्यांच्या जागी कोण काम करेल, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या आणि तो कागद हाती आल्यावरच भेटा. त्यांना आजवर बरीच आश्वासने तोंडीच मिळाली असणार. आठ महिन्यांच्या चार्जचा भत्ता त्यांना मिळाला होता का, हेही तपासा.

हँडओव्हरसाठी मात्र मनोमीलनाची वाट पाहू नका. उद्यापासून तो रुग्णाच्या खाटेजवळच व्हावा, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टरनी प्रत्येक पंपाचा वेग डॉक्टरांच्या ऑर्डरशी मिळवून पाहावा आणि दोघींनी सही करावी. हा नियम सर्व वॉर्डांना लावा, नाहीतर आयसीयूला ती शिक्षा वाटेल.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. चार्जचा भत्ता दिला गेला नव्हता, हे आज फाइल पाहिल्यावर कळले, त्याचा प्रस्ताव उद्याच पाठवते. रजेचा २०१९ चा अर्जही त्याच फाइलमध्ये मिळाला. त्यावर ‘तूर्त शक्य नाही’ असा शेरा आहे आणि अक्षर माझेच आहे. तो अर्ज घेऊनच त्यांना भेटावे असे वाटते. एकच शंका उरली आहे : या भेटीची कल्पना नव्या इनचार्जना आधी द्यावी की नंतर? परिपत्रकाच्या वेळी केलेली चूक मला त्यांच्याबाबतीत पुन्हा करायची नाही.