अनुभव धागा : पॉवरपॉइंट, ॲक्सेस आणि हपिसातले उद्योग

मार्च आला की आमच्या हपिसात दोनच गोष्टींची धांदल: वरिष्ठांची पीपीटी आणि तिच्यात घालायचे आकडे. पीपीटी रंगवायला चार जण धावून येतात. आकडे कुठून काढायचे म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पॉवरपॉइंट 1987 पासून आहे, ॲक्सेस (टेबलांत नोंदी ठेवून त्यातून हवे ते आकडे काढायचा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम) 1992 पासून. तरी क्लासमध्ये शिकवतात ते कुठलं बटण कुठे आहे एवढंच. अडल्यावर काय करायचं ते शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगतो. तर आज तो शेजारचा माणूस तुम्ही व्हा. अट एकच, युक्ती स्वतः वापरलेली हवी. ‘स्लाइडवर मजकूर कमी ठेवा’ हा उपदेश नको. तो सगळ्यांना पाठ आहे आणि कुणी पाळत नाही.

सुरुवात मीच करते. एकेका स्लाइडवर जाऊन फॉन्ट आणि रंग बदलत बसू नका. व्ह्यूमध्ये स्लाइड मास्टर उघडा, डावीकडची सगळ्यात वरची स्लाइड बदला, खालच्या सगळ्या आपोआप बदलतात. मात्र मथळा आणि मुद्दे स्लाइडच्या मूळ चौकटीत लिहिलेले हवेत. हौसेने वेगळा टेक्स्ट बॉक्स काढून त्यात मथळा लिहिला असेल, तर मास्टरमधला मथळा त्याला ओळखत नाही. दुसऱ्या कुणाची पीपीटी हाती आली की मी आधी होममधलं ‘रीसेट’ दाबून बघते. जे जागेवर येत नाही ते टेक्स्ट बॉक्स. साहेब मीटिंगच्या तोंडावर ‘निळा नको, हिरवा करा’ म्हणणारच, तेव्हा या तयारीचं चीज होतं.

ऊसवाला, करवीर

मी कारखान्याच्या शेती विभागात. चिटबॉय गावोगाव फिरून ऊसनोंदी आणतात: गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख. हे सगळं एक्सेलमध्ये भरायची पद्धत होती आणि तिथेच गोम होती. गट नंबर 12/2 टाकून एंटर मारला की एक्सेल त्याचा 12-फेब करतं. 112/2 मात्र तसाच राहतो, त्यामुळे यादीवरून नजर फिरवली तर काही खटकत नाही. आणि एकदा तारीख झाली की सेल नंतर टेक्स्ट करून उपयोग नसतो. 12/2 परत येत नाही, तिथे 46065 असा काहीतरी आकडा उमटतो, कारण आत 2026 सालची 12 फेब्रुवारी जाऊन बसलेली असते. म्हणून कॉलम रिकामा असतानाच टेक्स्ट करून ठेवायचा, एंट्री नंतर.

ॲक्सेसमध्ये गट नंबरचं फील्ड, म्हणजे टेबलातला रकाना, पहिल्यापासून शॉर्ट टेक्स्ट ठेवा. मोबाइल नंबरचंही तेच. तिथे ‘नंबर’ प्रकार निवडला तर तो मुळात लाँग इंटिजर असतो, त्याची धाव 2,14,74,83,647 पर्यंत. अठ्ठ्याण्णवने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल त्यात मावणार कसा? बँक खात्याचं दुखणं एक्सेलमध्ये आणखी वाईट: पंधरा अंकांपुढचे सगळे अंक शून्य होतात, तेही मुकाट्याने. आमच्यात सरळ नियम आहे. ज्याची बेरीज कधी करायची नाही, तो आकडा नव्हे, मजकूर.

आता टेक्स्ट केल्यावर क्रम बिघडतो, 1 च्या मागे 10, मग 100, मग 2. त्यासाठी क्वेरीत (टेबलातून हव्या त्या नोंदी हव्या त्या क्रमाने काढते ती) एक जादा कॉलम घ्यायचा, त्यात ‘व्हॅल’ (Val) हे फंक्शन. ते तिरक्या रेघेपर्यंतचा आकडा उचलतं, 12/2 मधले 12. त्यावर क्रम लावा आणि कॉलमची ‘शो’ची खूण काढून टाका. गट रिकामा असेल तर व्हॅल रुसतं, म्हणून आत ‘एनझेड’ (Nz) घाला, ते रिकाम्याची अडचण काढतं.

गावांचं वेगळं टेबल करा हे तर सांगायलाच नको. कसबा बावडा, क. बावडा, नुसतं बावडा, अशी एकाच गावाची तीन गावं झाली की क्षेत्राची बेरीज कुणाच्या बापाला जुळत नाही. फॉर्मवर कॉम्बो बॉक्स, म्हणजे यादीतून निवडायची चौकट, ठेवा आणि त्याचं ‘लिमिट टू लिस्ट’ येस करा. मग चिटबॉयनं कसंही लिहून आणू दे.

कळफलक

ऊसवालेदादा, तुमच्या एंट्रीवाल्यांना हे सांगा. ॲक्सेसमध्ये कंट्रोल धरून एकेरी अवतरणाची कळ दाबली की वरच्या नोंदीतली त्याच फील्डची किंमत खाली येते. एकाच गावाच्या पन्नास नोंदी असतील तर बोटं वाचतात. कंट्रोल आणि अर्धविरामाने आजची तारीख. आणि नव्यांना हे पहिल्या दिवशी सांगावं की इथे सेव्ह दाबायची वाट कुणी बघत नाही, पुढच्या नोंदीवर गेलात की मागची पक्की झाली. चुकीचं पडलंय असं वाटलं तर जागचं हलायच्या आत एस्केप दोनदा.

मास्तरीणबाई, यवतमाळ

माझं सगळं पॉवरपॉइंटचं. वर्गात पोरांनी पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघावं असं वाटलं की बी दाबते, पडदा काळा. पुन्हा बी, स्लाइड परत. कुणी मागची शंका काढली तर बाण दाबत मागे जायचं नाही. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर, थेट तिथे. त्यासाठी स्लाइड क्रमांकांची यादी कागदावर जवळ असते. मध्येच लाइट गेली आणि पुन्हा सुरू करायचं झालं तर शिफ्ट धरून एफ फाइव्ह, म्हणजे समोर असलेल्या स्लाइडपासून. नुसतं एफ फाइव्ह दाबलं की बारसं पुन्हा पहिल्यापासून.

प्रोजेक्टरला जोडल्यावर टिपणं दिसत नसतील तर विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ करा. ‘डुप्लिकेट’वर असेल तर जे तुम्हाला दिसतं तेच पोरांना.

मराठी अक्षरांचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे. सुरेख किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये केलेली जुनी पीपीटी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसत्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रांगोळ्या. नवं काही करायचं तर युनिकोडमध्येच, मंगल किंवा निर्मला. वेगळा युनिकोड फॉन्ट हवाच असेल तर ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स’ची खूण करा, सगळेच फॉन्ट तसे बसत नाहीत, म्हणून शेजारी पीडीएफही ठेवा.

आणखी एक, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्लाइडवर फोटो क्रॉप केला की कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. लाभार्थ्याच्या फोटोच्या कडेला आधार कार्ड दिसत होतं म्हणून कापलंत, पण फाइल मिळालेला कुणीही क्रॉप मागे ओढून ते वाचू शकतो. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण हवी आणि ‘फक्त याच चित्राला’ची खूण काढलेली हवी. फाइल हलकी होते तो वरचा फायदा.

बिनसुट्टीचा, हिंजवडी

ॲक्सेसमध्ये व्हीबीए (ऑफिसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) लिहिणाऱ्यांसाठी. क्वेरीच्या डिझाइन चौकटीत तारीख आपल्या पद्धतीने चालते, पण कोडमधून एसक्यूएल (क्वेरी ज्या भाषेत लिहितात ती) बांधताना हॅशच्या खुणांमध्ये 05/04/2025 लिहिलंत तर ॲक्सेस ती 4 मे धरतं, 5 एप्रिल नव्हे. गंमत अशी की 25/04/2025 लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते गपगुमान 25 एप्रिल करून घेतं. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंतचे आकडे गडबडतात, तेराव्यापासून सगळं ठीक, आणि तपासणारा नेमकी महिनाअखेरची तारीख घेऊन तपासतो. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी ‘फॉरमॅट’ने बांधून द्या. वाद मिटला.

टेबल आणि फील्डची नावं रोमन लिपीतच ठेवा, मराठी नाव ‘कॅप्शन’मध्ये लिहा. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

आणि ‘एक्सेल असताना ॲक्सेस कशाला’ म्हणणाऱ्यांना इंग्लंडचं उदाहरण द्या. 2020 च्या शरदात तिथे कोरोनाचे 15,841 रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले, कारण मधल्या टप्प्यावर जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल होती. तिच्यात 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते.

धागाकर्ती

ऊसवालेदादांनी सांगितलं तसं केलंय, पण आमच्याकडे पाच जण एकच ॲक्सेस फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडतात आणि ती मध्येच ‘रिपेअर करू का’ विचारते. उपाय?

बिनसुट्टीचा, हिंजवडी

फाइल दोन भागांत तोडा, डेटाबेस टूल्समध्ये त्याचं बटण आहे. टेबलं सर्व्हरवर, फॉर्म, क्वेरी आणि रिपोर्टची फाइल प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर. वायफायवरून एंट्री बंद, केबल लावा. आणि वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर अजिबात ठेवू नका. फाइलची कमाल मर्यादा 2 जीबी आहे. खोडलेल्या नोंदींची जागा आपोआप सुटत नाही, म्हणून सगळे बाहेर पडल्यावर, आधी कॉपी काढून, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर.

टोरांटोकर

मॅकवाल्यांनी इथवर वाचून उत्साहात येऊ नये. ॲक्सेस मॅकवर मिळतच नाही.

आकडेमोडे, पणजी

पीपीटी आणि आकडे यांची गाठ जिथे पडते तिथलं सांगतो. एक्सेलमधला चार्ट पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना ‘एम्बेड वर्कबुक’ निवडलंत तर एकटा चार्ट जात नाही, अख्खी वर्कबुक आत जाते. बाहेरच्या माणसाने चार्टवर उजवी टिचकी मारून ‘एडिट डेटा’ केलं की शेजारच्या शीटवरचे पगारही त्याच्यासमोर. ‘लिंक’ निवडलंत तर हा धोका नाही, पण मूळ फाइलची जागा बदलली की चार्ट जुन्याच आकड्यांवर थांबतो; मग फाइलमधल्या इन्फोत ‘एडिट लिंक्स’ शोधून नवा रस्ता द्यावा लागतो. घरातल्या घरात असेल तर मी लिंक ठेवतो. बाहेर पाठवायची पीपीटी असेल तर चार्ट ‘पिक्चर’ म्हणून चिकटवतो आणि ज्याला आकडे हवेत त्याला ते वेगळे मागू देतो.